आईचा टूडी इको रिपोर्ट आलाय, ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणजे काय? आणि डॉक्टर इको नेमका कशासाठी सांगतात?

पाचपाखाडीकर
नमस्कार मंडळी. आई ६७ वर्षांची, बीपीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत, शुगर नाही. गेले काही महिने तलावपाळीला फेरी मारताना मधेच बाकावर बसते, गावदेवी मार्केटमधून भाजी घेऊन घरी आली की धाप लागलेली असते आणि संध्याकाळी दोन्ही घोट्यांना सूज दिसते. नौपाड्यातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो ठीक आहे म्हणाले, पण तरी टूडी इको करून घ्या असं सांगितलं. काल केला. रिपोर्ट असा आहे: एलव्हीईएफ ६० टक्के, कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन, ट्रिव्हियल एमआर, माइल्ड टीआर, पीएएसपी ३०, नो आरडब्ल्यूएमए, नो क्लॉट. डॉक्टर सोमवारी भेटणार. तोपर्यंत फॅमिली ग्रुपवर रिपोर्ट टाकला तर एकेक जण काहीतरी सांगतोय आणि आई रात्री झोपली नाही. कोणी नीट समजावून सांगेल का, आणि ईसीजी चांगला असताना इको का लागतो तेही.

वर्तकनगर_७८
डिसफंक्शन लिहिलंय म्हणजे हार्ट कमजोर झालंय. माझ्या साडूंना पण असंच लिहिलं होतं, पुढे बायपास झाली. थांबू नका, डायरेक्ट अँजिओग्राफी करून घ्या.

इको_वाशी
पाचपाखाडीकर, आईंना आधी सांगा की आज निवांत झोपा. मी वाशीला एका कार्डिॲक सेंटरमध्ये इको टेक्निशियन आहे. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते आणि शेवटचं मत त्यांचंच, पण दिवसभर छातीवर फिरवायचा प्रोब हातात असल्यामुळे या शब्दांनी घाबरलेली माणसं मी रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ईसीजी हृदयातली वीज दाखवतो, ठोके नियमित आहेत का, अटॅक येऊन गेल्याची किंवा चालू असल्याची खूण आहे का. पण पडदा जाड झालाय का, झडप गळतेय का, कप्पा मोठा झालाय का, पंपिंग किती आहे, हे कागदावरच्या रेघांवरून अंदाजानंच सांगता येतं. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ते चालू हृदयात डोळ्यांनी दिसतं. आवाजाच्या लहरी वापरतात, मोठ्या माणसात साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झच्या, आपल्या कानाला २० हजार हर्ट्झच्या वरचं ऐकूच येत नाही म्हणून खोलीत काही आवाज वाटत नाही. एक्स-रेसारखं रेडिएशन अजिबात नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा केला तरी अपाय नाही, गरोदर बाईला चालतो, एका दिवसाच्या बाळाला चालतो.

आता डॉक्टर का सांगतात. प्रत्येक इकोमागे एक प्रश्न असतो. तुमच्या आईंच्या बाबतीत तो सरळ आहे: धाप आणि पायाची सूज हृदयामुळे आहे का दुसऱ्या कशामुळे? पंपिंग कमी झालं तर ही दोन्ही लक्षणं येतात, झडप खराब झाली तरी येतात, फुप्फुसाकडच्या रक्तवाहिन्यांत प्रेशर वाढलं तरी येतात, आणि हे तिन्ही एका तपासणीत बघून होतं. दुसऱ्या कोणाचा प्रश्न वेगळा असेल, स्टेथोस्कोपला मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आला म्हणून, अटॅकनंतर किती स्नायू दुखावला ते बघायला, ठोके अनियमित आहेत म्हणून, पॅरालिसिस झाला तर गुठळी हृदयातून गेली का ते शोधायला, ताप जात नाही आणि झडपेवर इन्फेक्शनची शंका आहे म्हणून. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की डॉक्टरांना विचारा, "यातून तुम्हाला नेमकं काय बघायचंय?" आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्या. आमच्याकडे अर्ध्या चिठ्ठ्या नुसत्या "टूडी इको" एवढंच लिहून येतात. प्रश्न माहीत असला की करणारा त्या जागी जास्त वेळ देतो.

आता रिपोर्ट. ६० टक्के ईएफ, म्हणजे पंपिंग, नॉर्मल आहे. आरडब्ल्यूएमए नाही म्हणजे हृदयाच्या भिंतीचा कुठलाही भाग कमी हलत नाहीये, म्हणजे जुन्या अटॅकची खूण दिसत नाही. एलव्हीएच म्हणजे डाव्या मोठ्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे, बायकांमध्ये ती ९ मिलिमीटरपर्यंत आणि पुरुषांत १० पर्यंत नॉर्मल धरतात, बरीच वर्षं बीपी असलं की जाड होते कारण तिला रोज जास्त प्रेशरविरुद्ध काम करावं लागतं. आणि जाड भिंत सैल व्हायला वेळ घेते, जाड रबराचा नवा फुगा फुगवताना सुरुवातीला जसा जोर लागतो तसं. त्या सैल होण्यातल्या उशिराला ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणतात. साठीनंतर हा शेरा खूप जणांच्या रिपोर्टवर असतो, बीपी असेल तर जास्तच. ग्रेड टू, थ्री असतं तर आत प्रेशर वाढलंय असा अर्थ होतो, ग्रेड वनमध्ये बसल्या जागी ते सहसा नॉर्मल असतं. ट्रिव्हियल एमआर आणि माइल्ड टीआर ही झडपांची अगदी थोडी गळती, धडधाकट माणसातही सापडते. त्यामुळे या कागदावरून तरी लगेच अँजिओग्राफी असं काही निघत नाही, ते डॉक्टर लक्षणं बघून ठरवतील.

सोमवारी एक गोष्ट नक्की विचारा, बीपीच्या गोळीत अमलोडिपिन आहे का.

पाचपाखाडीकर
खूप खूप आभार दादा. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. हो, अमलोडिपिन आहे! का विचारलंत?

इको_वाशी
कारण त्या गोळीनं काही जणांच्या घोट्यांना सूज येते, हृदय ठीक असताना. डोस जास्त असेल तर जास्त. पण स्वतःहून बंद करू नका प्लीज, बीपी उसळेल. डॉक्टर दुसरी देतील किंवा सोबत अजून एक देऊन डोस कमी करतील.

घणसोली_गावठाण
मला एक सांगा, ६० टक्के नॉर्मल कसं? बाबांचं ५५ आलंय, घरात सगळे म्हणतायत ४५ टक्के हार्ट खराब झालं. मागच्या वर्षी ६० होतं म्हणजे वर्षात ५ टक्के गेलं ना?

इको_वाशी
हा प्रश्न रोज येतो आणि यावरून लोक खरंच खचतात, म्हणून आकड्यानंच सांगतो. डावा कप्पा पूर्ण भरला की समजा त्यात १२० मिली रक्त आहे. एका ठोक्याला त्यातलं ७० मिली बाहेर गेलं, ५० आत राहिलं. ७० भागिले १२० म्हणजे ५८ टक्के. हेच ईएफ. कुठलंही निरोगी हृदय सगळं रक्त बाहेर टाकत नाही, काही आत राहायचंच. पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि बायकांत ५४ ते ७४ ही नॉर्मल रेंज. ४० किंवा त्याखाली आलं की पंपिंग कमी झालेलं हार्ट फेल्युअर म्हणतात आणि त्याची औषधं ठरलेली आहेत, ४१ ते ४९ मधली पायरी. बाबांचं ५५ नॉर्मलच आहे.

आणि ६० वरून ५५ झालं म्हणून धसका घेऊ नका. तोच माणूस, तेच मशीन, पण दुसऱ्यानं मोजलं तर ५ इकडे तिकडे होतं, बऱ्याच ठिकाणी तर नजरेनंच अंदाज लिहितात. म्हणून शक्यतो त्याच ठिकाणी, जुना रिपोर्ट सोबत नेऊन करा. ६० वरून ४० झालं तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा डॉक्टर स्वतःच सोडणार नाहीत.

खारघर_सेक्टर_२०
मोजण्यातला फरक किती महत्त्वाचा असतो ते आम्ही अनुभवलंय. माझ्या बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर झाला, ट्रीटमेंट इथेच खारघरला, टाटाच्या ॲक्ट्रेक हॉस्पिटलला. केमो सुरू व्हायच्या आधीच इको केला, तेव्हा आम्हाला कळेना की छातीच्या गाठीचा आणि हार्टचा काय संबंध. तिथल्या सिस्टरनी समजावलं की डॉक्सोरुबिसिन हे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं आणि ट्रास्टुझुमॅब या इंजेक्शननंही पंपिंग कमी होऊ शकतं, म्हणून सुरुवातीचा आकडा हातात पाहिजे. ट्रास्टुझुमॅब चालू असताना दर तीन महिन्यांनी इको व्हायचा. मधे एकदा तिचं ईएफ ६२ वरून ४८ वर आलं, इंजेक्शन थांबवलं, हृदयाच्या गोळ्या दिल्या, नंतर ५६ झालं आणि डोस पूर्ण केले. तिला एकही लक्षण नव्हतं, जिने चढत होती. इको वेळेवर झाला नसता तर कोणालाच पत्ता लागला नसता. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेल्या कोणीही हा इको "आता बरं वाटतंय" म्हणून पुढे ढकलू नका एवढंच सांगायला लिहिलं.

ऐरोली_नॉलेजपार्क
पण इको नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल नाही हेही कोणीतरी लिहा. आमच्या कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझ्या सिनियरचा इको एकदम क्लीन आला होता, ईएफ ६५. त्यानंतर काही महिन्यांनी स्टेशनचा जिना चढताना छाती दाटून यायला लागली, थांबलं की कमी. तो म्हणायचा ॲसिडिटी आहे, इको तर चांगला आलाय. बायकोनं जबरदस्तीनं नेलं तर दोन ब्लॉक निघाले, स्टेंट टाकले.

इको_वाशी
अगदी बरोबर, आणि हे मी मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे होतं. साध्या इकोत हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतले ब्लॉक दिसत नाहीत. दिसतो तो परिणाम, म्हणजे रक्त कमी पडून भिंतीचा भाग कमी हलतोय का. ८० टक्के ब्लॉक असलेला माणूस पलंगावर शांत पडलेला असताना त्याच्या हृदयाला तेवढं रक्त पुरतं आणि भिंत छान हलते. म्हणून चालताना, चढताना छातीत दाटत असेल आणि बसल्यावर कमी होत असेल तर डॉक्टर स्ट्रेस टेस्ट, स्ट्रेस इको, सीटी अँजिओ किंवा थेट अँजिओग्राफी सांगतात. स्ट्रेस इकोत पेशंटला चालवून किंवा डोब्युटामिन नावाचं औषध सलाईनमधून देऊन ठोके वाढवतात आणि तेव्हा भिंत कशी हलते ते बघतात.

आणि छातीत जोरात दुखतंय, घाम सुटलाय, हात किंवा जबडा दुखतोय तर इकोची अपॉइंटमेंट शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन किंवा जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. तिथे आधी ईसीजी आणि ट्रोपोनिन ही अटॅकसाठीची रक्ताची तपासणी होते.

लोकमान्यनगर_ताई
मग ऑपरेशनच्या फिटनेससाठी सरसकट इको का सांगतात? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्यांना काही त्रास नाही, रोज देवळात चालत जातात, तरी एका ठिकाणी इको आणल्याशिवाय तारीख देईनात. पैसे गेले त्यापेक्षा रिपोर्टमध्ये "माइल्ड" काहीतरी आलं आणि त्या महिनाभर मोतीबिंदू विसरून हार्टचंच घेऊन बसल्या.

इको_वाशी
ताई, माझं स्वतःचं काम इको करायचं आहे तरी सांगतो, त्रास नसलेल्या, चालत्या फिरत्या माणसाला छोट्या ऑपरेशनआधी सरसकट इको लागत नाही. अमेरिकन हृदयरोग संघटनांच्या मार्गदर्शनातही तसंच आहे. धाप असेल, मर्मर असेल, आधीचा हृदयाचा आजार असून तब्येतीत फरक पडला असेल तर जरूर करावा. प्रश्न नसताना केलेल्या तपासणीतून असंच होतं, साठीपुढच्या जवळजवळ कुठल्याही हृदयात काहीतरी "माइल्ड" सापडतं. तुम्ही नम्रपणे विचारा, की यांच्या बाबतीत इकोत काय सापडलं तर ऑपरेशनचा निर्णय बदलेल? चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही.

नेरूळचे_सर
मी रिटायर्ड फिजिक्सचा शिक्षक. चर्चा वाचून राहवेना. इकोचा इतिहास फार सुंदर आहे. स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते आणि कार्ल हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ. बोटी बांधायच्या कारखान्यात धातूला आतून तडा गेलाय का हे बघायला आवाजाच्या लहरींचं यंत्र वापरायचे, ते माल्मोच्या गोदीतून त्यांनी मागून आणलं आणि १९५३ साली तशाच यंत्राच्या मदतीनं हृदयाच्या भिंतींची हालचाल टिपली. तेव्हा नुसत्या हलत्या रेघा दिसायच्या, आताचं चित्र नंतर आलं. हे हर्ट्झ म्हणजे नोबेल मिळवणाऱ्या गुस्ताव्ह हर्ट्झ यांचे चिरंजीव.

रंगांबद्दलही सांगतो, कारण इकोच्या पडद्यावरचा निळा रंग म्हणजे अशुद्ध रक्त आणि लाल म्हणजे शुद्ध असं बरेच जण समजतात. तसं नाही. प्रोबच्या दिशेनं येणारं रक्त लाल आणि दूर जाणारं निळं दाखवायची पद्धत आहे, एवढंच. ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ साली जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल जो निबंध वाचला त्यातलं हे तत्त्व. लहर सोडली, ती धावत्या रक्तपेशींवर आपटून परत आली, तिच्या वारंवारतेतल्या फरकावरून वेग कळतो.

आणि वेगावरून प्रेशर काढतात, वेगाचा वर्ग गुणिले ४. पाचपाखाडीकर, तुमच्या आईंचा पीएएसपी, म्हणजे फुप्फुसाच्या धमनीतलं प्रेशर, ३० आहे ना, टीआरच्या गळतीचा वेग साधारण अडीच मीटर प्रतिसेकंद असला तर अडीचचा वर्ग सव्वासहा, चार पट केली की २५, त्यात उजव्या वरच्या कप्प्याचे ५ मिळवले की ३०. सुई न टोचता, नळी न घालता फुप्फुसाच्या धमनीतलं प्रेशर कळलं! मी वर्गात हे शिकवताना मुलांना दाखवायला हवं होतं.

इको_वाशी
सर, मस्त. म्हणूनच थोडा टीआर असला तर आम्हाला बरंच वाटतं, त्याच्याशिवाय हा आकडा काढणं अवघड जातं.

कळवा_पूर्व
मला इथे एक वेगळं लिहायचंय, सगळे म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलताय. माझी पुतणी, आता २४ ची. शाळेत असताना घसा दुखून ताप यायचा, मग एकदा गुडघा सुजला, तो बरा झाला की मनगट. आम्ही वाढीचं दुखणं समजून बाम लावत बसलो. लग्नानंतर पहिल्या गरोदरपणात पाचव्या महिन्यात तिला झोपल्यावर श्वास घेता येईना, उशा रचून बसून राहायची. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी छाती तपासली, मर्मर ऐकला आणि इको केला. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची झडप अरुंद झालेली. लहानपणीचा तो घसा आणि सांधे म्हणजे रुमॅटिक फीवर होता, त्यानंच झडप खराब झाली. झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असायला पाहिजे ते तिचं ०.९ राहिलं होतं. परळला केईएमला पाठवलं, तिथे मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली, पोट न कापता, छाती न कापता. बाळ सुखरूप झालं.

तिला आता दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं आणि डॉक्टरांनी सांगितलंय की हे खूप वर्षं चालणार, एकही चुकवायचं नाही. घरात ५ ते १५ वर्षांचं पोर असेल, घसा दुखून दोन-तीन आठवड्यांनी एकेक सांधा सुजत असेल तर बाम लावू नका हो, डॉक्टरांना दाखवा. आपल्या चाळींमध्ये, झोपडपट्टीत एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात, तिथे हा घसा एकाचा दुसऱ्याला लागतो. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासायला जी टीम येते तिच्यासमोर पोराला नक्की उभं करा, त्यात हृदय पण तपासतात.

खारघर_सेक्टर_२०
ताई वाचून अंगावर काटा आला. पुतणीला आणि बाळाला खूप शुभेच्छा. लहान मुलांच्या जन्मजात दोषासाठी आमच्या खारघरला सत्य साई संजीवनी आहे, तिथे मुलांचं हृदयाचं ऑपरेशन पूर्ण मोफत होतं, लांबलांबून आईबाप येतात. कोणाला गरज असेल तर लक्षात असू द्या.

दिघा_स्टेशन
वडिलांना घशातून करायचा इको सांगितलाय, ते घाबरलेत. गरज आहे का खरंच?

इको_वाशी
ठोके अनियमित आहेत का त्यांचे? एएफ, म्हणजे वरच्या कप्प्यांमुळे ठोके अनियमित पडायचा आजार, असेल तर डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, गुठळी बहुतेक तिथेच धरते आणि छातीवरून ती नीट दिसत नाही. अन्ननलिका त्या कप्प्याच्या अगदी पाठीमागून जाते म्हणून तिथून स्वच्छ दिसते. झडपेवरच्या इन्फेक्शनची शंका असली तरी हाच करतात. चार ते सहा तास उपाशी जायचं, घशात बधिर करायचा स्प्रे, थोडी गुंगी देतात. गिळायला त्रास असेल, पूर्वी अन्ननलिकेचं काही झालं असेल, कवळी असेल तर आधी सांगा. घरी न्यायला कोणीतरी सोबत पाहिजे.

साध्या इकोला यातलं काही नाही, खाऊन पिऊन, रोजच्या गोळ्या घेऊन यायचं. पुढून उघडता येईल असा सैल कपडा घाला. डाव्या कुशीवर झोपवतात, गार जेल लावतात, मधेमधे "श्वास सोडा, धरा" सांगतात, कारण फुप्फुसातली हवा मधे आली की लहर पुढे जात नाही. बरगड्यांमधून दाबून बघावं लागतं, थोडं दुखतं, सहन होत नसेल तर बोला. आणि ताया, माम्या, आज्या सगळ्यांसाठी: सोबत बाई हवी असेल, अंगावर चादर हवी असेल तर मागा, तो तुमचा हक्क आहे. संकोचानं बायका अंग आखडून पडतात, चित्र नीट येत नाही आणि मग रिपोर्टवर "पूअर इको विंडो" लिहावं लागतं.

पाचपाखाडीकर
अपडेट देते. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की पंपिंग चांगलं आहे, झडपा चांगल्या आहेत, सुजेचं कारण बहुतेक गोळी, ती बदलली. आणि इकोत धापेचं एवढं मोठं कारण दिसत नाही म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६ निघालं. आता रक्त कुठे जातंय ते शोधायला पुढच्या तपासण्या चालू आहेत. बीपी मात्र १३० च्या आत ठेवायचंच म्हणाले, नाहीतर भिंत अजून जाड होईल आणि मग ग्रेड वनवर थांबणार नाही. पापड लोणचं बंद केलंय, आईला ते जड जातंय पण ऐकतेय.

वर्तकनगर_७८
छान झालं, आईंना लवकर बरं वाटो. साडूंच्या वेळी छातीत दुखत होतं, तुमच्या आईंचं वेगळं होतं हे आता कळलं.

सीवूड्स_मीरा
मी उशिरा आले धाग्यावर. मला १९ वा आठवडा आहे, माझ्या सख्ख्या भावाला लहानपणी हृदयात छिद्र होतं, ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको, सांगितलाय. म्हणजे बाळाला काही आहे अशी शंका आहे का त्यांना?

इको_वाशी
नाही मीराताई, तुमच्या घरात जन्मजात दोष होता म्हणून बघून घेतायत, एवढ्यावरून बाळात काही आहे असा अर्थ नाही. आईला आधीपासून शुगर असेल, आयव्हीएफ असेल किंवा नेहमीच्या सोनोग्राफीत हृदय नीट दिसलं नसेल तरी सांगतात. १८ ते २४ आठवडे हा चांगला काळ, तुम्ही वेळेत आहात. पोटावरूनच करतात, बाळ कुशीवर वळून बसलं असेल तर थोडं चालून यायला सांगतील, वेळ काढून जा. १९९४ च्या कायद्याप्रमाणे एक फॉर्म भरून सही करावी लागते, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी न्या, मुलगा मुलगी ते सांगत नाहीत आणि विचारायचंही नाही. भावाच्या ऑपरेशनचे जुने कागद मिळाले तर तेही न्या, नेमका कुठला दोष होता हे कळलं की डॉक्टर तो भाग जास्त बारकाईनं बघतात.

सीवूड्स_मीरा
कागद माहेरी आहेत, लोखंडी कपाटात. आत्ताच आईला फोन करते.